नळ्यांचा सांगाडा आणि पत्र्याची पेटी : मर्सिडीज ३०० एसएल आणि जॅग्वार ई-टाइप

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत युरोपात ज्या स्पोर्ट्‌स मोटारी तयार झाल्या, त्यांपैकी जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीची मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल आणि इंग्लंडच्या जॅग्वार कंपनीची ई-टाइप या दोन गाड्यांची तुलना जुन्या मोटारींचे संग्राहक आणि अभ्यासक आजही आवर्जून करतात. पहिली गाडी १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये आणि दुसरी १९६१ साली जिनिव्हामध्ये लोकांसमोर आली. दोन्ही गाड्यांत सहा सिलिंडर एका ओळीत असलेले इंजिन पुढच्या बाजूस होते, दोन्हींत सुरुवातीला दोनच माणसांच्या बसण्याची सोय होती आणि फ्रान्समधील ल माँ येथे होणाऱ्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांतून दोन्हींचा वंश सुरू झाला होता. इतके साम्य असूनही पहिलीचे उत्पादन ३,२५८ गाड्यांवर थांबले, तर दुसरीचे ७२,००० च्या पुढे गेले. आणि आजच्या लिलावांत पहिलीला दुसरीच्या कितीतरी पट किंमत मिळते.

ही तफावत बहुधा दुर्मीळपणाच्या हिशेबाने समजावून सांगितली जाते. तो हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण एक गाडी थोडी आणि दुसरी पुष्कळ का निघाली, हा प्रश्न त्यात तसाच शिल्लक राहतो. शर्यतीच्या गाडीतला हलकेपणा रस्त्यावरच्या गाडीत कसा आणायचा, हा पेच श्टुटगार्ट आणि कॉव्हेंट्री या दोन्ही शहरांतील कारखान्यांपुढे सारखाच होता. श्टुटगार्टने तो खर्चाकडे न पाहता सोडवला, तर कॉव्हेंट्रीने पै-पैचा हिशेब ठेवत सोडवला, आणि ही दोन्ही उत्तरे त्या गाड्यांच्या सांगाड्यांत कायमची कोरली गेली. म्हणून या गाड्यांची पारख करणाऱ्याने बोधचिन्ह आणि लिलावाचा आकडा बाजूला ठेवून आधी सांगाडा पाहिला पाहिजे.

हलकेपणाची जर्मन वाट

युद्धातील बाँबहल्ल्यांनी डाइमलर-बेंझचे कारखाने उद्ध्वस्त झाले होते, आणि १९५० च्या सुमारास कंपनीला पुन्हा शर्यतींत उतरायची इच्छा असली तरी त्यासाठी नवे इंजिन तयार करण्याइतका पैसा आणि वेळ तिच्याजवळ नव्हता. १९५१ साली बाजारात आलेल्या ‘३००’ या मोठ्या आलिशान गाडीचे तीन लिटरचे इंजिन तेवढे हाताशी होते. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर हीच गाडी वापरत, त्यामुळे तिला लोक त्यांच्याच नावाने ओळखत. हे इंजिन भरवशाचे होते, पण जड होते, आणि शर्यतीच्या मानाने त्याची ताकद बेताचीच होती. संशोधन विभागाचे अभियंते रुडॉल्फ उलेनहाउट यांनी त्यावर जो मार्ग काढला तो सरळ होता: ताकद वाढवता येत नसेल, तर वजन आणि हवेचा विरोध कमी करायचा.

त्यातून बारीक पोलादी नळ्यांचा जो सांगाडा तयार झाला, त्याचे वजन अवघे ५० किलोच्या आसपास होते. अशा सांगाड्यात नळ्या एकमेकींना त्रिकोणांत जोडलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक नळीवर फक्त ताण किंवा दाब येतो, वाकवणारा जोर जवळजवळ येत नाही, आणि म्हणूनच पातळ नळीही मोठे ओझे पेलू शकते. लोखंडी रेल्वेपुलाच्या कमानीमागे हेच गणित असते. मात्र या रचनेची एक अट असते: सांगाडा ताठ राहण्यासाठी त्याच्या दोन्ही कुशी पुरेशा उंच असाव्या लागतात. ३०० एसएलमध्ये या नळ्या जिथे नेहमीचे दार कापावे लागते नेमक्या त्याच जागेतून जात होत्या. त्या तोडल्या असत्या तर सांगाड्याचा अर्थच उरला नसता, म्हणून दारांच्या बिजागऱ्या छपराच्या मध्यावर बसवल्या गेल्या आणि दारे वरच्या दिशेने उघडू लागली. दोन्ही दारे उघडी असताना ती समुद्रपक्ष्याच्या पसरलेल्या पंखांसारखी दिसतात, म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या जगात या गाडीला ‘गलविंग’ हे नाव पडले. ज्या वैशिष्ट्यासाठी ही गाडी जगभर ओळखली जाते, ते अशा रीतीने सौंदर्याच्या हौसेतून आलेले नव्हते. नळ्यांच्या मांडणीने ते अभियंत्यांना भाग पाडले होते. इंजिनही उभे न बसवता डावीकडे ५० अंशांनी कलते बसवले गेले, त्यामुळे बॉनेट खाली आले आणि हवा कापणे सोपे झाले.

१९५२ सालच्या शर्यतींत या गाडीने जे यश मिळवले, त्याची अपेक्षा खुद्द कंपनीलाही नसावी. इटलीतील मिले मिलिया या भर रस्त्यावरून होणाऱ्या शर्यतीत ती दुसरी आली. ल माँ येथे हेर्मान लांग आणि फ्रिट्झ रीस यांनी पहिला क्रमांक मिळवला आणि दुसरा क्रमांकही त्याच बनावटीच्या गाडीला गेला. आणि नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोच्या कार्रेरा पानामेरिकाना या हजारो किलोमीटरच्या शर्यतीत कार्ल क्लिंग आणि हान्स क्लेंक विजयी झाले. या शेवटच्या शर्यतीत भरधाव गाडीच्या काचेवर एक गिधाड येऊन आदळले, काच फुटून शेजारी बसलेले क्लेंक जखमी झाले, तरीही गाडी थांबली नाही, आणि पुढच्या टप्प्यासाठी काचेसमोर उभ्या सळ्या बसवण्यात आल्या. सळ्या लावलेल्या त्या गाडीचे छायाचित्र मोटारशर्यतींच्या इतिहासात अजूनही वारंवार छापले जाते.

रस्त्यावर विकण्यासाठी ही गाडी काढण्याचा विचार कंपनीने केला तो मुख्यतः मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहामुळे. मूळचे ऑस्ट्रियाचे हॉफमन न्यूयॉर्कमध्ये युरोपीय गाड्यांची आयात करत आणि श्रीमंत अमेरिकन ग्राहकाची आवड त्यांना नेमकी ठाऊक होती. ६ फेब्रुवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ३०० एसएल मांडली गेली, तेव्हा तिच्यात शर्यतीच्या गाडीतही नसलेली एक गोष्ट आलेली होती. तोपर्यंतच्या बहुतेक मोटारींत कार्ब्युरेटर नावाच्या भागात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण होऊन ते सिलिंडरमध्ये ओढले जाई; ३०० एसएलमध्ये बॉश कंपनीच्या यांत्रिक पंपाने पेट्रोल मोजून, मोठ्या दाबाखाली, थेट सिलिंडरमध्ये फवारले जाऊ लागले. हे तंत्र डाइमलर-बेंझने युद्धकाळातील विमानांच्या इंजिनांत वापरलेले होते, आणि हान्स शेरेनबर्ग यांनी मधल्या काळात गुटब्रोड या छोट्या कंपनीत दोन-स्ट्रोक इंजिनावर ते मोटारीसाठी जुळवून पाहिले होते. चार-स्ट्रोक इंजिनाच्या, नियमित विक्रीच्या मोटारीत ते प्रथम ३०० एसएलमध्येच आले. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीची २१५ अश्वशक्ती ही १९५२ च्या शर्यतीच्या गाडीपेक्षाही जास्त भरली, आणि मागच्या आसाचा गिअर कोणता निवडला आहे त्यानुसार तिचा कमाल वेग ताशी २६० किलोमीटरपर्यंत जाऊ शकत होता.

ही गाडी वापरायला मात्र सोपी नव्हती. आत शिरताना चालकाला आधी रुंद उंबऱ्यावर टेकावे लागे आणि मग पाय आत ओढून घ्यावे लागत. ते जमावे म्हणून स्टिअरिंगचे चाक खाली दुमडण्याची सोय केलेली होती. दाराच्या काचा खाली सरकत नसत, त्या काढून ठेवाव्या लागत, त्यामुळे उन्हाळ्यात आत चांगलेच उकडत असे. इंजिन बंद केल्यावरही ते फिरायचे थांबेपर्यंत पंप पेट्रोल फवारत राही. ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खालच्या तेलात उतरे, म्हणून ही गाडी थोड्या थोड्या अंतरासाठी चालवणाऱ्याला तेल वारंवार बदलावे लागे. मागची चाके स्विंग ॲक्सलवर होती, म्हणजे आसाचे दोन्ही अर्धे भाग मध्यभागातून वर-खाली झुलत आणि त्यांच्याबरोबर चाकेही तिरपी होत. वळणावर चालकाने एकाएकी ॲक्सिलरेटर सोडला, तर बाहेरचे चाक आत मुडपून गाडीचा मागचा भाग निसटण्याचा धोका असे. १९५७ मध्ये उघड्या छपराची रोडस्टर आली तेव्हा हा आस सुधारण्यात आला, आणि कुशीच्या नळ्याही खाली घेतल्या गेल्या. नळ्या खाली येताच नेहमीची दारे बसवता आली आणि पंखांची दारे गेली. आकार रचनेच्या मागून चालतो याचा याहून स्पष्ट पुरावा मोटारींच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

कॉव्हेंट्रीचा हिशेब

जॅग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स यांनी १९२२ साली ब्लॅकपूल येथे भागीदारीत मोटरसायकलींच्या साइडकार बनवण्यापासून सुरुवात केली, १९२८ मध्ये उद्योग कॉव्हेंट्रीला हलवला, आणि १९३५ पासून ‘जॅग्वार’ हे नाव आपल्या गाड्यांना द्यायला सुरुवात केली. दिसायला महागडी आणि किमतीला बेताची गाडी विकणे हे त्यांच्या व्यवसायाचे सूत्र होते. युद्धाच्या काळात कारखान्याच्या छपरावर रात्री आगीवर लक्ष ठेवण्याची पाळी असे, आणि त्या पाळ्यांमध्ये लायन्स, विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली यांनी युद्धानंतरच्या इंजिनाचा आराखडा चर्चेतून पक्का केला. १९४८ मध्ये एक्सके १२० या गाडीबरोबर आलेल्या या इंजिनाच्या माथ्यावर झडपा उघडण्यासाठी दोन स्वतंत्र कॅमशाफ्ट होते. अशी रचना तोवर शर्यतीच्या आणि अतिमहाग गाड्यांत असे. लायन्स यांनी तीच कुटुंबाच्या प्रवासी गाड्यांतही बसवली, त्यामुळे एका इंजिनाचा खर्च हजारो गाड्यांवर विभागला गेला. हे इंजिन वेगवेगळ्या रूपांत १९९२ पर्यंत बनत राहिले.

१९५१ आणि १९५३ मध्ये सी-टाइप, आणि १९५५, १९५६ व १९५७ अशी सलग तीन वर्षे डी-टाइप, या गाड्यांनी जॅग्वारला ल माँचे विजेतेपद मिळवून दिले. १९५३ च्या विजयात डनलॉप कंपनीबरोबर विकसित केलेल्या डिस्क ब्रेकचा मोठा वाटा होता. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या पिंपासारख्या भागाच्या आतून पट्ट्या घासतात आणि उष्णता आतच कोंडते. डिस्क ब्रेकमध्ये उघड्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो, हवेने तबकडी लवकर थंड होते, आणि चोवीस तासांनंतरही ब्रेकची पकड टिकते.

डी-टाइपचा आकार माल्कम सेयर यांचा होता. ब्रिस्टल एअरोप्लेन कंपनीत काम केलेल्या सेयर यांनी विमानविद्येतील गणित मोटारीला लावले. स्लाइड रूल आणि लॉगॅरिदमची कोष्टके वापरून ते गाडीच्या प्रत्येक वक्राचे बिंदू काढत, त्यामुळे त्यांची रेषा कारागिराच्या नजरेपेक्षा आकडेमोडीवर उभी असे. सांगाड्यातही विमानाचाच धडा गिरवलेला होता. चालकाभोवतीचा मधला भाग पत्र्याची बंद पेटी म्हणून घडवला होता, आणि तो पत्राच भार वाहत असल्याने वेगळ्या चासीची गरज उरली नव्हती. या रचनेला मोनोकॉक म्हणतात. कागदाचा सपाट ताव उभा धरला की मान टाकतो, पण त्याचीच पुंगळी केली की ती ताठ उभी राहते आणि वरचे ओझेही पेलते. मोनोकॉकमध्ये पातळ पत्र्याला ताकद येते ती याच न्यायाने. इंजिन आणि पुढची चाके यांसाठी नळ्यांची एक चौकट या पेटीच्या पुढच्या भिंतीला जोडलेली असे.

१९५५ : वाटा वेगळ्या झाल्या ते साल

११ जून १९५५ रोजी ल माँच्या शर्यतीत माइक हॉथॉर्न यांची डी-टाइप पेट्रोल भरण्याच्या थांब्याकडे वळताना ब्रेक लावून मंदावली, तिच्यामागून येणाऱ्या लान्स मॅक्लिन यांच्या ऑस्टिन-हीलीला बाजूला सरावे लागले, आणि त्यामागून भरधाव येणारी पिएर लव्हेग यांची मर्सिडीज ३०० एसएलआर तिच्यावर आदळून प्रेक्षकांत फेकली गेली. लव्हेग यांच्यासह ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मोटारशर्यतींच्या इतिहासातील हा सर्वांत भीषण अपघात होय. मर्सिडीजने आपल्या उरलेल्या गाड्या रात्रीत मागे घेतल्या; जॅग्वारने शर्यत पुरी केली आणि हॉथॉर्न व आयव्हर ब्यूब विजयी ठरले. अधिकृत चौकशीत कोणत्याही चालकाला दोषी धरण्यात आले नाही. वेग वाढत गेले तरी मार्गाची आखणी जुनीच राहिली होती, हे दुखणे समोर आले.

संग्राहकांच्या दृष्टीने येथे एक खुलासा आवश्यक आहे. नावे जवळची असली तरी ३०० एसएलआर ही ३०० एसएलची सुधारित आवृत्ती नव्हती. आठ सिलिंडर एका ओळीत असलेली ती ग्राँ प्री शर्यतीच्या गाडीपासून निघालेली वेगळीच यंत्रणा होती. २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोंना विकली जाऊन जगातील सर्वांत महाग मोटार ठरलेली ‘उलेनहाउट कूपे’ हीसुद्धा ३०० एसएलआरच होती, त्यामुळे तो आकडा ३०० एसएलच्या मूल्याचा मापदंड म्हणून वापरणे चुकीचे ठरते.

१९५५ च्या अखेरीस मर्सिडीजने शर्यतींतून अंग काढून घेतले ते काही दशकांसाठी. ३०० एसएल त्यापुढे १९६३ पर्यंत बनत राहिली, पण शर्यतीतून नवे काही शिकून तिची पुढची पिढी घडवण्याचा मार्ग बंद झाला. जॅग्वारच्या कारखान्यानेही १९५६ च्या हंगामानंतर अधिकृत संघ मागे घेतला. तरी डी-टाइपमध्ये सिद्ध झालेली पेटी, इंजिन आणि ब्रेक रस्त्यावरच्या गाडीत उतरवण्याचे काम तिथे चालूच राहिले. फेब्रुवारी १९५७ मध्ये ब्राउन्स लेन येथील कारखान्याला मोठी आग लागली आणि डी-टाइपला रस्त्यावर आणणारी एक्सकेएसएस ही गाडी अवघी सोळा नग बनल्यावर संपली. त्यामुळे त्या वंशाचा खरा वारस ठरण्याचा मान ई-टाइपकडे आला.

जिनिव्हा आणि त्यानंतर

१५ मार्च १९६१ रोजी जिनिव्हामध्ये ई-टाइप दाखवली गेली, आणि तिच्यातून एक फेरी मारू इच्छिणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली की लायन्स यांनी दुसरी गाडी तातडीने मागवली. कंपनीचे चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस ती कॉव्हेंट्रीहून रातोरात चालवत घेऊन आले. गर्दीचे कारण आकारात होते तितकेच किमतीतही होते. ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटर वेगाचा दावा करणारी ही गाडी इंग्लंडमध्ये करासह सुमारे २,१०० पौंडांना मिळत होती, आणि त्याच तोडीच्या ॲस्टन मार्टिन डीबी४ साठी जवळजवळ दुप्पट रक्कम मोजावी लागे. याउलट ३०० एसएलची किंमत पश्चिम जर्मनीत २९,००० मार्क होती, जेव्हा साधी फोक्सवागन बीटल चार हजार मार्कांच्या आत मिळत असे.

ही किंमत लायन्स यांना कशी परवडली, हे गाडीकडे बारकाईने पाहिल्यास कळते. ३,७८१ घन सेंटिमीटरचे, तीन कार्ब्युरेटरांचे, कंपनीच्या मोजणीनुसार २६५ अश्वशक्तीचे इंजिन हे प्रवासी गाड्यांसाठी आधीच बनत असलेल्या इंजिनाचे भावंड होते. आकार घडवण्यासाठी बाहेरच्या नामांकित कलाकाराला मानधन द्यावे लागले नव्हते. पत्र्याचे मोठे तुकडे एका ठोक्यात दाबण्यासाठी लागणारे महागडे साचे टाळून अनेक लहान तुकडे जोडले जात आणि सांधे शिशाने भरून घासले जात, म्हणजे यंत्रसामग्रीचा खर्च वाचवून तो मजुरीवर टाकला जाई. बॉब नाइट यांनी रचलेल्या मागच्या सस्पेन्शनमध्ये, म्हणजे चाकांचे धक्के शोषणाऱ्या व्यवस्थेत, चाकाला फिरवणारा दांडाच वरच्या आधाराचे काम करी आणि ब्रेकच्या तबकड्या चाकाऐवजी मध्यभागी बसवल्या होत्या. एक भाग दोन कामे करतो तेव्हा वजनही वाचते आणि पैसाही. दोन्ही चाके परस्परांपासून स्वतंत्रपणे हलत असल्याने ३०० एसएलच्या झुलत्या आसातला धोका येथे राहिला नाही, आणि हीच व्यवस्था पुढे जॅग्वारच्या प्रवासी गाड्यांतही तीन दशकांहून अधिक काळ वापरात राहिली.

काटकसरीचे उणेपणही लपत नव्हते. सुरुवातीच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर सिंक्रोमेशशिवाय होता, म्हणजे दातांचे वेग आपोआप जुळवणारी सोय त्यात नव्हती, त्यामुळे गाडी चालू असताना तो घालणे कठीण जाई; आसने अवघडून टाकणारी होती, आणि संथ रहदारीत इंजिन तापत असे. ऑक्टोबर १९६४ मध्ये ४.२ लिटरचे इंजिन, नवा गिअरबॉक्स आणि बरी आसने आली. १९६६ मध्ये मागे दोन लहान आसने असलेली लांब गाडी निघाली, १९६७-६८ मध्ये अमेरिकेच्या नव्या सुरक्षा-नियमांपायी दिव्यांवरची काचेची आच्छादने जाऊन तिच्या चेहऱ्याची सफाई हरवली, आणि १९७१ मध्ये बारा सिलिंडरांचे ५.३ लिटरचे इंजिन बसवून तिला अधिक मऊ, अधिक ऐसपैस रूप देण्यात आले. १९७४ मध्ये उत्पादन थांबले तेव्हा १९६१ ची हलकी, चपळ गाडी वजनदार प्रवासी गाडीकडे झुकलेली होती. ही वाटचाल ऱ्हासाची म्हणून सांगितली जाते, पण ज्या ग्राहकांच्या जोरावर ई-टाइप इतकी वर्षे टिकली, त्यांच्या मागण्या पुरवण्याचा तो अटळ परिणाम होता. ३०० एसएलला अशी पाळी आली नाही, कारण तिने इतक्या ग्राहकांना कधी बोलावलेच नव्हते.

संग्राहकाची पारख

गाडी चालू स्थितीत आहे किंवा नाही, यापेक्षा ती किती प्रमाणात मूळची आहे, हा प्रश्न आज तिचे मूल्य ठरवतो. कारखान्यातून निघताना ज्या क्रमांकांची चासी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी एकत्र आली, ते सर्व क्रमांक आजही जुळत असतील तर अशा गाडीला मोठा मान असतो, आणि ते पडताळण्यासाठी दोन्ही कंपन्यांच्या जुन्या नोंदी उपयोगी पडतात. जॅग्वारच्या वारसा-न्यासाकडून मिळणाऱ्या दाखल्यात मूळ क्रमांक, रंग, रवानगीची तारीख आणि पहिला विक्रेता यांची माहिती असते. मर्सिडीजच्या अभिलेखागारातही प्रत्येक गाडीच्या मागणीचा तपशील जपलेला आहे.

३०० एसएलच्या १,४०० कूपेंपैकी फक्त २९ गाड्यांची बॉडी पूर्ण ॲल्युमिनियमची होती, आणि त्यांना इतरांपेक्षा फार मोठी किंमत येते. बाकीच्यांत मुख्य बॉडी पोलादाची, तर बॉनेट, दारे आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे असे. १,८५८ रोडस्टरांत १९६१ पासून डिस्क ब्रेक आणि १९६२ पासून ॲल्युमिनियमचे इंजिन आले, त्यामुळे चालवण्यासाठी शेवटच्या रोडस्टर अधिक सोयीच्या आणि इतिहासाच्या दृष्टीने पहिल्या कूपे अधिक मोलाच्या, असा पेच संग्राहकापुढे उभा राहतो. ई-टाइपमध्ये सर्वाधिक मागणी ३.८ लिटरच्या सुरुवातीच्या गाड्यांना आहे. पहिल्या काही महिन्यांतील गाड्यांचे बॉनेट बाहेरून किल्ली लावून उघडावे लागे आणि त्यांचा तळ सपाट होता. उंच माणसाचे पाय मावेनात म्हणून पुढे तळात खोलगट जागा केली गेली. ग्राहकाची गैरसोय करणारा तो सपाट तळच आज गाडी पहिल्या घाण्यातली असल्याचा पुरावा मानला जातो.

सांगाड्यांतला फरक सर्वांत प्रकर्षाने जाणवतो तो दुरुस्तीच्या वेळी. मोनोकॉकमध्ये पत्राच भार वाहत असल्याने गंज हे केवळ दिसण्याचे दुखणे राहत नाही. दारांखालच्या पोकळ पेट्यांत पाणी साचून पत्रा आतून कुजतो, बाहेरचा रंग चकचकीत राहतो, आणि गाडीचा कणा मात्र पोखरलेला असतो. या पेट्या बदलताना दारांच्या चौकटीला आतून आधाराचे दांडे न लावता पत्रा कापला, तर सगळी पेटी वाकते, दारे पुन्हा नीट बसत नाहीत, आणि ती चूक पुढे रंगाखाली झाकली जाते. म्हणून जाणकार माणूस ई-टाइप पाहताना आधी दाराच्या चारही बाजूंची फट सारखी आहे का ते पाहतो. याशिवाय ई-टाइपचा चासी क्रमांक पुढच्या नळ्यांच्या चौकटीवर ठोकलेला असतो, आणि ती चौकट बोल्टने जोडलेली असल्याने अपघातानंतर सहज बदलता येते; त्यामुळे जुना क्रमांक आणि जुनी गाडी एकत्रच असतील याची खात्री केवळ क्रमांक वाचून होत नाही. ई-टाइपचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आज नवा बनवून मिळतो, आणि ही सोय तिच्या मालकांना जितकी उपकारक ठरली आहे, तितकीच तिची ओळख ठरवणे तिने अवघड करून ठेवले आहे.

या प्रश्नाची जाणीव संग्राहकांच्या जगात उशिरा आली. बरीच वर्षे गाडी सुटी करून कारखान्यातून निघाली त्याहूनही अधिक चकचकीत बनवणे हाच जीर्णोद्धार समजला जाई. जुन्या वाहनांच्या संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ असलेल्या फिवाने तुरिन सनद स्वीकारून मूळ अवशेष जपण्याला प्राधान्य दिले, आणि केलेला प्रत्येक बदल नोंदवून ठेवण्याचा आग्रह धरला. खुद्द जॅग्वारचे वर्तनही या वादातून सुटलेले नाही. १९६३ मध्ये शर्यतीसाठी ठरवलेल्या १८ हलक्या ॲल्युमिनियम ई-टाइपांपैकी प्रत्यक्षात १२ च बनल्या होत्या; उरलेल्या सहा कंपनीने २०१४ पासून बनवून विकल्या, आणि २०१७ मध्ये विजेवर चालणारी ई-टाइपही सादर केली. पहिल्या उपक्रमाने जुने कसब पुन्हा हाती आले हे खरे, पण पन्नास वर्षांनी पुरा केलेला आकडा इतिहासाचा भाग मानायचा की त्याची प्रतिकृती, याचे उत्तर पुढच्या पिढीला द्यावेच लागेल.

या दोन्ही नावांचा भारताशी आणि त्यातही महाराष्ट्राशी जो संबंध आहे तो उद्योगाच्या मार्गाने आलेला आहे. ज्या १९५४ साली ३०० एसएल जगापुढे आली, त्याच वर्षी टाटांच्या टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला मालमोटारी बनवायला सुरुवात केली; नव्वदच्या दशकात मर्सिडीज-बेंझच्या प्रवासी गाड्यांची जुळणी पुण्यात सुरू झाली आणि पुढे ती चाकणला गेली. जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार विकत घेतली, तेव्हापासून ई-टाइप घडवणाऱ्या कंपनीची मालकी मुंबईत मुख्यालय असलेल्या उद्योगसमूहाकडे आहे.

दोन उत्तरांचे मोल

३०० एसएलने अभियांत्रिकीची मर्यादा पुढे ढकलली. सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारण्याचे तंत्र सामान्य पेट्रोल मोटारीत रुळायला त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक जावे लागले, यावरून ती आपल्या काळाच्या किती पुढे होती हे कळते. परंतु ती मोजक्या श्रीमंतांच्या हाती राहिली, आणि त्या काळात तिचे अनुकरण करणेही फारसे कोणाला परवडले नाही. ई-टाइपमधला जवळजवळ प्रत्येक घटक आधी कुठे ना कुठे सिद्ध झालेला होता. तिचे कर्तृत्व ते सगळे एकत्र बांधून अर्ध्या किमतीत देण्यात होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९९६ मध्ये ई-टाइप रोडस्टर आपल्या कायम संग्रहात घेतली ती तिच्या आकारासाठी, तरी त्या आकारामागची काटकसर ही त्याहून अवघड कला होती. मोटारीचा इतिहास हा केवळ यंत्रांचा इतिहास न मानता ती यंत्रे किती माणसांपर्यंत पोचली याचाही इतिहास मानला, तर ई-टाइपचे पारडे जड होते, आणि तिची आजची कमी किंमत तिच्या या यशाचीच निशाणी ठरते.

म्हणून संग्राहकाने यांपैकी कोणती गाडी घ्यावी, यापेक्षा घेतलेल्या गाडीशी तो कसा वागतो हे अधिक महत्त्वाचे आहे. श्टुटगार्ट आणि कॉव्हेंट्री यांनी दिलेली दोन उत्तरे कागदपत्रांत अपुरी उरली आहेत. ती पूर्ण वाचता येतात ती नळ्यांच्या जोडांत, शिशाने भरलेल्या सांध्यांत आणि पत्र्यावर ठोकलेल्या आकड्यांत. गंजलेला भाग बदलावाच लागतो आणि गाडी चालती राहावी यासाठी तो बदलणे योग्यही असते. मात्र काय बदलले, केव्हा बदलले आणि काढलेला भाग कुठे आहे, याची प्रामाणिक नोंद जिथे ठेवली जाते, तिथे ती दुरुस्तीसुद्धा गाडीच्या इतिहासात जमा होते. जिथे ती नोंद दडवली जाते, तिथे क्रमांक जुळत असले तरी त्या गाडीकडून इतिहासाला विचारण्यासारखे काही उरत नाही.